लिव्हरपूलचा मॅनेजर नेमकं करतो काय?

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर चटकन उमगत नाही. आपल्याकडे संघ निवडसमिती निवडते, मैदानावर निर्णय कर्णधार घेतो, सराव प्रशिक्षक करून घेतो आणि संघाचा मॅनेजर म्हणजे हॉटेल, बस, सामानसुमान पाहणारा माणूस. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांत मात्र कित्येक दशकं ही सगळी सूत्रं एकाच माणसाच्या हातात असत. कोण खेळणार, कसं खेळणार, कोणाला विकत घ्यायचं, कोणाला सोडायचं, सराव किती, जेवणात काय, पत्रकारांसमोर कोण बसणार, हे सगळं तोच ठरवायचा. म्हणूनच तिथे संघ हरत राहिला की कर्णधार बदलत नाही, मॅनेजरची गच्छंती होते.

हे पद सुरुवातीपासून एवढं मोठं नव्हतं, आणि आज ते पुन्हा अनेकांत वाटलं गेलं आहे. हा सगळा प्रवास एका क्लबात पाहायचा असेल तर लिव्हरपूल घ्यावा. इथे हे पद घडलं, जवळजवळ तीस वर्षं घरातल्या घरात सोपवलं गेलं, मग ती साखळी तुटली आणि ती पुन्हा जुळवायला आणखी तीसेक वर्षं लागली. कोणी किती करंडक जिंकले याची यादी कुठेही मिळते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रत्येकाला संघ कोणत्या अवस्थेत मिळाला आणि जाताना त्याने मागे काय ठेवलं.

संचालक संघ निवडायचे तो काळ

लिव्हरपूल क्लबाचा जन्मच एका भांडणातून झाला. अ‍ॅनफिल्डच्या मैदानावर आधी एव्हर्टन खेळत असे. १८९२ मध्ये जॉन हाउल्डिंग आणि एव्हर्टनचे बाकीचे सभासद यांच्यात मैदानाच्या भाड्यावरून फाटलं. एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेला, आणि हाउल्डिंग यांच्याकडे मैदान उरलं, संघ उरला नाही. मग त्यांनी नवाच क्लब काढला.

१८९६ मध्ये संडरलंडहून टॉम वॉटसन आले. त्यांनी १९०१ आणि १९०६ ची लीग विजेतेपदं मिळवून दिली आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पदावर राहिले. त्या काळात या पदावरचा माणूस मुख्यतः चिटणीस असे. पत्रव्यवहार, प्रवासाची व्यवस्था, पगार, नवे खेळाडू हेरणं ही त्याची कामं. शनिवारी कोणते अकरा जण उतरणार हे संचालक मंडळ बैठकीत ठरवायचं. मॅनेजरवाचून क्लबाचं किती कमी अडत असे, ते १९२२-२३ च्या हंगामात दिसतं. आदल्या वर्षी विजेतेपद मिळवून देणारे डेव्हिड अ‍ॅशवर्थ डिसेंबरमध्येच तळाला असलेल्या ओल्डहॅमकडे निघून गेले. क्लबाचे एक संचालक आणि जुने खेळाडू मॅट मॅक्वीन यांनी काम हाती घेतलं, आणि लिव्हरपूलने पुन्हा लीग जिंकली.

हे चित्र बदलायची एक संधी लिव्हरपूलच्या अगदी दारात आली होती. मॅट बझ्बी हे युद्धाआधी लिव्हरपूलचे खेळाडू, पुढे कर्णधार. १९४५ मध्ये मॅनेजर जॉर्ज के यांचा सहायक होण्याचा प्रस्ताव क्लबाने त्यांच्यापुढे ठेवला. बझ्बी यांना मात्र संघनिवड आणि खरेदी-विक्री यांचे पूर्ण अधिकार हवे होते. ते मँचेस्टर युनायटेडने दिले, आणि पुढचं जवळपास पाव शतक तो क्लब बझ्बी यांनी घडवला. लिव्हरपूलने १९४७ ची लीग जिंकली खरी, पण नंतर घसरण सुरू झाली. १९५४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला आणि तिथे आठ हंगाम रुतून बसला. जानेवारी १९५९ मध्ये वूस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघाने एफए कप या देशभरातल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्यांना २-१ असं हरवलं. त्या वर्षाच्या शेवटी बिल शँक्ली आले.

शँक्लींनी कोणाला काढलं नाही

शँक्ली स्कॉटलंडच्या एअरशरमधल्या ग्लेनबक या खाणकामगारांच्या गावातले. स्वतःही तरुणपणी खाणीत काम केलेले. प्रेस्टनकडून १९३८ चा एफए कप जिंकलेले, मग कार्लाइल, ग्रिम्स्बी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड अशा लहान-मध्यम क्लबांत मॅनेजर म्हणून घासलेले. लिव्हरपूलला येताना त्यांनी अट घातली की संघ मी निवडणार. आज ही अट वाचताना विशेष वाटत नाही, पण अ‍ॅनफिल्डवर ती क्रांती होती. पहिल्याच सामन्यात कार्डिफने त्यांच्या संघाला ०-४ हरवलं, आणि तरीही अट कायम राहिली.

त्यांचा दुसरा निर्णय मला याहून मोठा वाटतो. नवा मॅनेजर येतो तेव्हा आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांना नारळ देतो, ही रीत तेव्हाही होती आणि आजही आहे. शँक्ली आले तेव्हा बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट हे प्रशिक्षक क्लबात आधीपासून होते. शँक्लींनी त्यांना बोलावून सांगितलं की तुमच्या नोकऱ्या शाबूत आहेत, मला फक्त निष्ठा हवी आणि एकमेकांच्या चहाड्या माझ्यापर्यंत आणू नका. लिव्हरपूलला पुढे जे जे मिळालं, त्यातलं निम्मं तरी या एका बैठकीत पेरलं गेलं असं मी मानतो.

मग त्यांनी सराव बदलला. मेलवूडचं सरावाचं मैदान झाडाझुडपांनी भरलेलं होतं, ते साफ करून घेतलं. लांबच लांब धावण्याचे व्यायाम कमी केले आणि जवळजवळ सगळा सराव चेंडूसह ठेवला. लहान मैदानावर पाच-पाच जणांचे सामने, चेंडू घ्यायचा, लगेच द्यायचा आणि मोकळ्या जागेत सरकायचं. खेळाडू अ‍ॅनफिल्डवर जमत, तिथे कपडे बदलत, बसने मेलवूडला जात आणि सराव संपल्यावर पुन्हा बसने अ‍ॅनफिल्डला येऊन आंघोळ आणि जेवण करत. वेळ वाया घालवण्याचा प्रकार वाटावा अशी ही पद्धत, पण तिच्यामागे विचार होता. घामेजलेलं शरीर हळूहळू निवावं, लगेच गरम पाण्यात जाऊ नये, म्हणजे स्नायू दुखावत नाहीत. १९६५-६६ चा पूर्ण हंगाम लिव्हरपूलने अवघे १४ खेळाडू वापरून खेळला आणि लीग जिंकली.

संचालकांकडून पैसा काढणं हाही लढाच होता. १९६१ मध्ये मदरवेलचा इयन सेंट जॉन ३७,५०० पौंडांना घ्यायचा तर मंडळ कचरत होतं. एरिक सॉयर या संचालकांनी शँक्लींची बाजू लावून धरली. सेंट जॉन आणि उंचापुरा बचावपटू रॉन येट्स एकाच उन्हाळ्यात आले आणि १९६२ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत परतला. त्यानंतर १९६४ ची लीग, १९६५ मध्ये क्लबाच्या इतिहासातला पहिला एफए कप, १९६६ ची लीग. मग काही वर्षं कोरडी गेली, जुना संघ मोडून नवा बांधावा लागला, आणि १९७३ मध्ये लीग व युएफा कप ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लबस्पर्धा, दोन्ही एकाच हंगामात आले.

शँक्ली चाहत्यांची पत्रं स्वतः वाचत आणि स्वतः टाइप करून उत्तरं देत. गोदीत आणि कारखान्यांत राबणाऱ्या या शहराला आपला माणूस अ‍ॅनफिल्डवर बसला आहे असं वाटे, आणि ते वाटणं खरं होतं.

बिनखिडक्यांची खोली

अ‍ॅनफिल्डच्या मुख्य स्टँडखाली एक लहानशी खोली होती, तिथे खेळाडूंचे बूट टांगून ठेवत. तिला बूट रूम म्हणत. पेझली, फेगन, बेनेट सामन्यानंतर तिथे बियरच्या रिकाम्या खोक्यांवर बसत. पुढे रॉनी मोरन, युवा खेळाडू पाहणारे आणि युरोपातल्या प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करायला जाणारे टॉम साँडर्स, आणि सर्वांत शेवटी तरुण रॉय इव्हान्स त्यांच्यात सामील झाले. शँक्ली स्वतः तिथे फारसे बसत नसत. ती सहायकांची जागा होती.

त्या खोलीत काय चाले? मुख्यतः बोलणं. कोण थकलाय, कोण दुखणं लपवतोय, राखीव संघातला कोणता पोरगा तयार झाला. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांना सामन्यानंतर आवर्जून आत बोलावत, हातात पेला देत आणि गप्पांच्या ओघात त्यांच्याच खेळाडूंविषयी माहिती काढून घेत. शिवाय वह्या होत्या. कोणत्या दिवशी कोणता सराव घेतला, हवा कशी होती, कोण दुखावला, त्यावर काय उपाय केला, हे रोज लिहून ठेवलं जाई. पुढच्या हंगामात तशीच अडचण आली की जुनं पान उघडायचं. एका माणसाच्या डोक्यात राहिलं असतं ते ज्ञान अशा रीतीने क्लबाच्या मालकीचं झालं. त्या काळात इतर क्लबांचे मॅनेजर गेले की त्यांच्याबरोबर सगळं जाई.

खोलीची ताकद दिसली ती एका पराभवात. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७३ मध्ये युरोपियन कपमध्ये, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या पूर्वावतारात, बेलग्रेडच्या रेड स्टारने लिव्हरपूलला आपल्या घरी हरवलं आणि मग अ‍ॅनफिल्डवरही २-१ हरवलं. रेड स्टारचे बचावपटू चेंडू उंच भिरकावून देत नव्हते, शांतपणे पायाखाली ठेवून पास देत पुढे येत होते. शँक्ली आणि त्यांच्या सहायकांनी बसून विचार केला आणि ठरवलं की युरोपात जिंकायचं तर आपलाही खेळ मागून बांधत न्यावा लागेल. उंच, दणकट लॅरी लॉइडच्या जागी सडपातळ फिल थॉम्पसन एमलिन ह्यूजच्या जोडीला मध्यवर्ती बचावात आला. इंग्लिश क्लबाने मधल्या फळीत खेळू शकणारे दोन पोरगे बचावाच्या मध्यभागी लावणं हे तेव्हा धाडसच होतं. त्याच हंगामात लिव्हरपूलने अंतिम सामन्यात न्यूकॅसलला ३-० हरवून एफए कप नेला.

१९७४ चा उन्हाळा

आणि मग १२ जुलै १९७४ ला शँक्लींनी पद सोडलं. वय ६०, संघ जोमात, कोणी जा म्हटलेलं नाही. शहराला ते खरंच वाटेना. संचालकांनी बाहेर कोणाला न शोधता पेझली यांना गळ घातली. पेझली नको म्हणत होते. ते डरहॅमच्या खाणपट्ट्यातल्या हेटन-ले-होल गावचे, १९३९ मध्ये खेळाडू म्हणून क्लबात आलेले, महायुद्धात उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढलेले, १९४७ च्या विजेत्या संघात खेळलेले. १९५० च्या एफए कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी एव्हर्टनविरुद्ध गोल केला होता आणि तरीही अंतिम सामन्यातून त्यांना वगळलं गेलं होतं. खेळणं संपल्यावर ते फिजिओचं काम शिकले. चालण्याच्या ढबीवरून खेळाडूचं दुखणं ओळखण्याची त्यांची ख्याती होती. भाषणबाजी मात्र त्यांना जमत नसे.

शँक्लींच्या निरोपाचा उरलेला भाग दुःखद आहे. सवयीने ते मेलवूडला येत राहिले, खेळाडू त्यांनाच बॉस म्हणत राहिले, आणि पेझली यांची कुचंबणा होऊ लागली. शेवटी त्यांना येऊ नका असं सुचवावं लागलं. ते शँक्लींच्या जिव्हारी लागलं. त्यांचं घर एव्हर्टनच्या सराव मैदानाजवळ होतं, ते तिथे व्यायामाला जाऊ लागले. १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्यांनी क्लब उभा केला त्यांना सन्मानाने जवळ ठेवण्याची जागा त्या क्लबाला निर्माण करता आली नाही, हे मला आजही खुपतं.

पेझली यांच्या पहिल्या हंगामात एकही करंडक आला नाही. पण त्यांनी मोडतोड केली नाही, आहे ते बारकाईने पाहिलं. शँक्लींनी ज्या दिवशी पद सोडलं, त्याच दिवशी आर्सेनलहून रे केनेडी नावाचा आघाडीवीर संघात आला होता. त्याचा जम बसेना. पेझली यांनी त्याला मधल्या फळीत डावीकडे उतरवलं आणि तो युरोपातला एक उत्तम मध्यरक्षक झाला. १९७७ मध्ये केव्हिन कीगन हॅम्बुर्गला ५ लाख पौंडांना गेला, तेव्हा चाहते हादरले. पेझली यांनी त्याहून कमी पैशांत, ४ लाख ४० हजारांत, सेल्टिकहून केनी डॅलग्लिश आणला. त्याच सुमारास अ‍ॅलन हॅन्सन आणि ग्रॅमी सूनेस आले, १९८० मध्ये चेस्टरहून इयन रश. यातले बरेचजण आल्याआल्या राखीव संघात जात, तिथे क्लबाची रीत अंगी मुरली की वर येत.

नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदं, १९७७, १९७८ आणि १९८१ असे तीन युरोपियन कप, एक युएफा कप, तीन लीग कप (लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा). एफए कप तेवढा त्यांच्या हाती कधी आला नाही. विजयानंतर कोणी शेफारू नये ही काळजी बूट रूम घेई. मोरन हंगामाच्या सुरुवातीला मागच्या विजेतेपदाच्या पदकांचा खोका टेबलावर ठेवत, ज्याची असेल त्याने उचला म्हणत आणि लगेच सरावाला पिटाळत.

१९८३ मध्ये पेझली निवृत्त झाले, ६२ वर्षांचे फेगन वर आले. पहिल्याच वर्षी लीग, लीग कप आणि युरोपियन कप. एका हंगामात तीन मोठे करंडक याआधी कोणत्याही इंग्लिश क्लबाने जिंकले नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निवृत्त होण्याचं फेगन यांनी ठरवलं होतं. त्यांचा शेवटचा सामना २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये युव्हेंटसविरुद्ध होता. सामन्याआधी लिव्हरपूलचे काही चाहते शेजारच्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षांची बंदी आली, लिव्हरपूलवर सहा. विमानतळावर उतरताना फेगन रडत होते आणि रॉय इव्हान्स त्यांना सावरत होते.

ओझं

यानंतर क्लबाने ३४ वर्षांच्या डॅलग्लिश यांना खेळाडू आणि मॅनेजर असं दुहेरी पद दिलं. पेझली सल्लागार म्हणून सोबत, मोरन आणि इव्हान्स जागेवर. १९८६ मध्ये चेल्सीविरुद्ध डॅलग्लिश यांनी स्वतः गोल मारून लीग निश्चित केली, आठवड्याभरात एफए कपही आला. जॉन बार्न्स आणि पीटर बिअर्डस्ली यांचा १९८७-८८ चा संघ तर पाहायला सर्वांत देखणा होता असं म्हणणारे आजही भेटतात.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. त्यात मिळून ९७ लिव्हरपूल चाहते गेले. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला, ‘द सन’ या वर्तमानपत्राने तो छापला, आणि २०१६ मध्ये न्यायचौकशीच्या ज्यूरीने चाहते निर्दोष असल्याचं सांगेपर्यंत कुटुंबांना २७ वर्षं झगडावं लागलं. मॅनेजरच्या कामाच्या कोणत्याही यादीत नसलेलं काम तेव्हा डॅलग्लिश यांच्यावर येऊन पडलं. ते अंत्यविधींना गेले, एका दिवसात चार-चार ठिकाणी गेले. घरच्यांना भेटत राहिले, खेळाडूंना सांभाळत राहिले. त्यांनी १९९० ची लीगही जिंकली. पण आतून ते मोडत होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये एव्हर्टनबरोबरच्या ४-४ अशा विलक्षण सामन्यानंतर दोनच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. संघ तेव्हा लीगमध्ये पहिला होता.

शँक्लींपासून ३१ वर्षं चालत आलेला धागा इथे ताणला गेला आणि पुढच्या तीन वर्षांत तुटला. डॅलग्लिश यांच्या जागी आलेले सूनेस हे खेळाडू म्हणून अ‍ॅनफिल्डचेच, पण मॅनेजर म्हणून ते ग्लासगोच्या रेंजर्सकडे घडले होते. आल्याबरोबर त्यांनी बरंच काही एकदम बदललं. आहार बदलला, अ‍ॅनफिल्ड ते मेलवूडची बसफेरी बंद केली, बिअर्डस्लीसारखे खेळाडू विकले. आहाराबाबत ते काळाच्या पुढे होते, हे मान्य करायला हवं. पण संघ पिकलेला होता, दुखापती वाढल्या, आणि विकत घेतलेल्यांपैकी बरेच गेलेल्यांच्या तोडीचे नव्हते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी आपली कहाणी ‘द सन’ला दिली. हिल्सबरोनंतर ज्या शहराने त्या वर्तमानपत्राला दारात उभं केलं नव्हतं, ते हे विसरणार नव्हतं. १९९२ चा एफए कप आला तरी मनं जुळली नाहीत. १९९३ मध्ये बूट रूमही पाडली गेली, त्या जागी पत्रकारांसाठी कक्ष झाला. जानेवारी १९९४ मध्ये ब्रिस्टल सिटीने अ‍ॅनफिल्डवर हरवल्यावर सूनेस गेले.

रॉय इव्हान्स हे बूट रूमचे शेवटचे वारस. त्यांच्या संघात रॉबी फाउलर होता, गोल करण्यात पटाईत. (हाच फाउलर २०२०-२१ च्या हंगामात ईस्ट बंगालचा प्रशिक्षक म्हणून गोव्यात होता. कोविडमुळे ती अख्खी इंडियन सुपर लीग गोव्यातच खेळली गेली.) संघ रंजक होता, पण हाती आला तो १९९५ चा लीग कप. १९९८ मध्ये क्लबाने जेरार हुलिये यांना आणून इव्हान्स यांच्या बरोबरीने संयुक्त मॅनेजर केलं. ही तडजोड टिकणारच नव्हती. संघातून वगळलेल्या खेळाडूने दाद कोणाकडे मागायची, हाच प्रश्न सुटेना. नोव्हेंबरमध्ये इव्हान्स बाजूला झाले.

हुलिये परके होते, पण पूर्ण परके नव्हते. तरुणपणी त्यांनी लिव्हरपूलच्या एका शाळेत शिकवलं होतं आणि अ‍ॅनफिल्डवर सामने पाहिले होते. त्यांनी २००१ मध्ये लीग कप, एफए कप आणि युएफा कप असे तिन्ही जिंकले. त्यांच्यानंतरचे राफाएल बेनिटेझ हे डावपेचांचे माणूस. २५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये मिलानविरुद्ध मध्यंतराला ०-३ मागे असताना त्यांनी मध्यरक्षक हामानला उतरवून बचाव तिघांचा केला. सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि पेनल्टींवर चॅम्पियन्स लीग आली. पण २००७ नंतर अमेरिकी मालक हिक्स आणि जिलेट यांच्या कर्जाने क्लब पोखरला गेला. मॅनेजर आणि मालक उघडपणे भांडू लागले की खेळाडू कोणाचं ऐकणार? रॉय हॉजसन यांना सहा महिने मिळाले. ऑक्टोबर २०१० मध्ये जॉन हेन्री यांच्या गटाने ३० कोटी पौंडांना क्लब घेतला, डॅलग्लिश दीड वर्षासाठी परतले, आणि मग ब्रेंडन रॉजर्स २०१४ मध्ये विजेतेपदाच्या अगदी उंबऱ्यावरून माघारी आले.

पद पुन्हा वाटलं गेलं

नव्या मालकांना एका माणसाच्या नजरेवर सगळी खरेदी सोपवायची नव्हती. रॉजर्स यांच्या काळात खरेदीसाठी समिती होती, आणि तिच्यावरून कुरबुरीही होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये युर्गन क्लॉप आले आणि घडी बसली. २०१६ मध्ये मायकेल एडवर्ड्स स्पोर्टिंग डायरेक्टर झाले, म्हणजे खरेदी-विक्री आणि करार यांचे प्रमुख. इयन ग्रॅहम या भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाचा विभाग आकडेवारीतून खेळाडू पारखत होता. २०१७ मध्ये रोमाच्या मोहम्मद सालाहचा आग्रह एडवर्ड्स आणि त्यांच्या माणसांनी धरला, आणि क्लॉप यांनी तो मानला. मला क्लॉप यांचं मोठेपण इथे दिसतं. संघात प्राण फुंकणं, खेळाची धाटणी ठरवणं, शहराशी नातं जोडणं हे त्यांनी पूर्णपणे आपल्याकडे ठेवलं, आणि जे दुसऱ्याला आपल्याहून चांगलं कळतं ते त्याच्यावर सोडलं. २०१९ ची चॅम्पियन्स लीग आली. २०२० मध्ये ९९ गुण मिळवून ३० वर्षांनी लीग आली, तीही कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये.

२६ जानेवारी २०२४ ला क्लॉप यांनी जाहीर केलं की आपली ऊर्जा संपत आली आहे, हंगाम संपला की थांबणार. क्लबाला शोधासाठी चार महिने मिळाले. आधी एडवर्ड्स मालकांच्या गटाचे फुटबॉलप्रमुख म्हणून परतले, त्यांनी बोर्नमथचे रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणले, आणि मग फायनोर्डचे आर्ने स्लॉट निवडले गेले. त्यांचं पद मॅनेजर नव्हे, मुख्य प्रशिक्षक. १९ मे २०२४ ला निरोपाच्या सामन्यानंतर क्लॉप यांनी माइक हातात घेऊन सगळ्या अ‍ॅनफिल्डकडून स्लॉट यांच्या नावाचा गजर करून घेतला.

स्लॉट यांनी पहिल्या हंगामात पेझली यांच्यासारखंच केलं. ज्याच्यावर नजर होती तो मध्यरक्षक मार्टिन झुबिमेंडी आला नाही, तेव्हा त्यांनी क्लॉप यांच्या काळात आलेल्या आणि फारसा न चमकलेल्या रायन ग्राव्हनबेर्कला बचावफळीच्या पुढ्यात उतरवलं, आणि तो हंगामभर तिथून हलला नाही. मैदानावर उतरलेला नवा खेळाडू एकच, फेडेरिको किएझा, आणि तोही बहुतेक बाकावर. २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून विसावं लीग विजेतेपद आलं. त्या हंगामात सालाह, व्हॅन डायक आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड या तिघांचेही करार संपत होते, आणि दर पत्रकार परिषदेत त्यावर प्रश्न येत होते. ती बोलणी मात्र स्लॉट यांच्या अखत्यारीत नव्हती, ह्यूज यांच्याकडे होती. पहिल्या दोघांनी एप्रिलमध्ये नव्या करारांवर सह्या केल्या, अलेक्झांडर-अर्नोल्ड रियल माद्रिदला गेला, आणि स्लॉट यांनी प्रत्येक शनिवारी हाताशी असलेल्यांतून अकरा जण निवडले.